दुपारनंतरची बाजू

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, पण भिंतीला ठोकलेला नव्हे. माझ्या जातीचे फळे आता फारसे उरलेले नाहीत. दोन उभे लाकडी पाय, त्यांच्यामध्ये आडवी लोखंडी सळई आणि त्या सळईवर फिरणारा मी. मला पाठ अशी नाहीच. जिला तुम्ही पाठ म्हणाल, ती बाजू फिरवली की तोंड होते. त्यामुळे भिंतीवरचे फळे मला 'दुतोंड्या' म्हणून चिडवत. म्हणोत बापडे! आयुष्यभर एकाच भिंतीला नाक लावून राहायचे म्हटल्यावर कोणाचाही जळफळाट होईल.

सध्या माझा मुक्काम जिन्याखाली आहे. अंगावर दोन मोडकी बाके टेकवलेली आहेत आणि एका पायाला वाळवी लागली आहे. पण रडगाणे गाण्यासाठी मी तोंड उघडलेले नाही. मला एका वर्गाची आणि त्यातल्या एका मुलीची गोष्ट सांगायची आहे. ती माझ्याशिवाय कोणालाच पुरती माहीत नाही.

मला एका सुताराने घडवले. शाळेच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, स्वतः त्याच्या दुकानात आल्या होत्या. "दोन्ही बाजूंना लिहिता आलं पाहिजे," त्या म्हणाल्या, "आणि एका बाजूचं दुसरीकडे दिसता कामा नये." "अहो बाई, लाकडातून कसं दिसेल?" सुतार म्हणाला. बाई हसल्या नाहीत. त्या आपल्याच विचारात होत्या. सुताराने फळ्या रंधल्या, सांधल्या, घासल्या. मग काळा रंग द्यायला घेतला, तो नेमका संपत आला. एका बाजूला दोन हात बसले आणि दुसरीला एकावर भागवले. त्या दुसऱ्या बाजूवर खडू जन्मभर कुरकुरला.

बाई विचारात का होत्या, ते शाळेत गेल्यावर कळले. गावाबाहेर काचेचा मोठा कारखाना निघाला होता. त्यात काम करायला दुसऱ्या मुलखातून माणसे आली. त्यांची भाषा वेगळी. बघता बघता शाळेतली निम्मी मुले इकडची आणि निम्मी तिकडची झाली. ती एकाच अंगणात खेळत, पण वर्गात एकमेकांकडे पाहुण्यासारखी बघत. मोठ्या बाईंना दोन्ही भाषा येत होत्या. त्यांनी ठरवले, की सगळ्यांनी सगळे दोन्ही भाषांत शिकायचे. मधल्या सुट्टीपर्यंत गावची भाषा आणि सुट्टीनंतर तिकडची. सकाळी एक बाई शिकवतील, दुपारी तिकडून आलेले एक सर. आम्ही वर्गात सकाळची भाषा आणि दुपारची भाषा असेच म्हणायचो. तुमच्या सोयीसाठी मी सगळ्यांचे बोलणे एकाच भाषेत सांगतो आहे, पण कोण कोणत्या भाषेत बोलले, तेही सांगत जाईन.

माझे काम सोपे होते. सुट्टी संपल्याची घंटा झाली, की सर मला धरून फिरवत. सकाळची बाजू मागे जाई आणि दुपारची पुढे येई. त्यासोबत एक नियम होता. फळ्याची जी बाजू समोर, तीच भाषा तोंडात. मुलांनी हा नियम इतका मनावर घेतला, की मी फिरलो की वाक्ये मध्येच तुटत. एकदा एक पोरगा "बाई, मला जरा..." एवढे म्हणाला आणि तेवढ्यात मी फिरलो. उरलेले वाक्य दुपारच्या भाषेत सापडेपर्यंत व्हायचे ते होऊन गेले. शिपाईमामांना पोछा घेऊन यावे लागले.

माझे कौतुक पुष्कळ झाले, ते का लपवू? दुसऱ्या शाळांचे मास्तर मला बघायला येत. माझ्या सळईवर बोट फिरवत आणि म्हणत, "एवढीएवढीशी पोरं आणि दोन-दोन भाषा!" खरेच तसे होते. काही मुले दोन्हीकडे पाण्यातल्या माशासारखी वावरू लागली. इकडची पोरे तिकडच्यांच्या घरी जेवायला जाऊ लागली आणि तिथल्या आज्यांशी गप्पा मारू लागली. भांडणे झाली तर दोन्ही भाषांतल्या शिव्या उपयोगी पडत, हा आणखी एक फायदा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट अशी, की रोज प्रत्येकाची अर्धा दिवस फजिती होई. त्यामुळे दुसऱ्याच्या फजितीला कोणी फारसे हसत नसे.

पण पाहुणे परत गेल्यावर काय व्हायचे, ते मी बघत होतो. सकाळी समजलेला भागाकार दुपारी परका होऊन समोर येई. एका इयत्तेला दोन इयत्तांचा अभ्यास पडे. घरी विचारावे, तर आईबाबांना अर्धा अभ्यास कळत नसे. एका मुलाला तर दोन्हीकडे ठेच लागली. तो सकाळीही अडखळे आणि दुपारीही. शेवटी त्याच्या आईने त्याला पलीकडच्या एका भाषेच्या शाळेत घातले. तिथे तो खुलला, मजेत शिकू लागला. त्याच्यासाठी तेच बरोबर होते, आणि ते सांगायला मला कमीपणा वाटत नाही. फळा दोन बाजूंचा असला, म्हणून प्रत्येक मूल तसे असलेच पाहिजे असे थोडेच आहे?

आता त्या मुलीकडे येतो. तिला सगळे बडबडी म्हणत. तिची आई गणवेश शिवायच्या कारखान्यात शिलाईला होती आणि वडील बसगाड्या दुरुस्त करत. बडबडी सकाळी वर्गात आली, की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू होई. बाईंनी प्रश्न विचारायच्या आत तिचे उत्तर तयार. तिच्या शेजारी कुरळ्या केसांची एक तिकडची मुलगी बसे. तिला कुरळीच म्हणत. कुरळी सुरुवातीला सकाळी अगदी मुकी होती. पण सकाळच्या बाईंचा स्वभाव सैल होता. कुरळी अर्धे इकडचे, अर्धे तिकडचे असे काहीबाही बोले. बाई ते सगळे ऐकून घेत आणि "बरोबर, पुढे?" म्हणत. वर्षभरात कुरळी सकाळीही बोलू लागली.

बडबडीचे मात्र उलटे झाले. मी फिरलो, की तिची दातखीळ बसे. सुट्टीत कुरळीबरोबर दोरीवर उड्या मारताना तीच मुलगी दुपारच्या भाषेत ओरडताना मी खिडकीतून ऐकली होती. वर्गात आली, की तोंडात मिठाची गुळणी.

यात दुपारच्या सरांचे वाईट मन नव्हते, हे आधीच सांगतो. सर मेहनती होते. डबा खाताखाताही वह्या तपासत. पण आपल्या भाषेवर त्यांचे फार प्रेम होते आणि तिला ओरखडा गेलेला त्यांना सहन होत नसे. बडबडी पहिल्यांदा उत्तर द्यायला उठली, तेव्हा तिचा पहिलाच शब्द चुकला. सरांनी तो दुरुस्त केला. दुसरा चुकला, तोही केला. तिसऱ्या शब्दाला तिने एक सकाळचा शब्द घातला. सरांनी बोटाने माझ्याकडे दाखवले. समोर कुठली बाजू आहे, बघ. बडबडीने माझ्याकडे बघितले आणि ती खाली बसली. त्यानंतर ती दुपारी उठलीच नाही. मला फार वाईट वाटले. पण फळ्याला आवाज नसतो. असतो तो खडूचा, आणि तोही कुरकुरण्यापुरता.

असे दुसरेही वर्ष संपत आले. सरांना खरेच वाटू लागले, की या मुलीला काही समजत नाही. त्यांनी मोठ्या बाईंना सांगितले, की हिला एका भाषेच्या शाळेत पाठवावे, इथे हिचे नुकसान होते आहे. मोठ्या बाईंनी आईवडिलांना शाळा सुटल्यावर भेटायला बोलावले. बडबडीला हे कळले, तेव्हा ती सकाळीसुद्धा गप्प राहिली. कुरळीने तिला विचारले, "तू खरंच जाणार?" बडबडी म्हणाली, "मला नाही जायचं. पण मला विचारतंय कोण?"

नेमक्या त्याच दिवशी माझी सळई अडकली. सुट्टीनंतर सरांनी मला फिरवायला घेतले आणि मी अर्ध्यात थांबलो. धड उभा नाही, धड उलटा नाही. एक बाजू छताकडे, एक जमिनीकडे, आणि मी टेबलासारखा आडवा! सरांनी ढकलले, ओढले. मी हलेना. जोर लावला, तर माझे पायच सरकू लागले. शिपाईमामा म्हणाले, "आता उद्या सुतारालाच आणतो." वर्गात मात्र शांतता पसरली. कोणीच तोंड उघडेना. सर गोंधळले. मग एका पोराने हळूच कुरळीला खूण करून विचारले, की बोलायचे कुठल्या भाषेत? बाजूच नव्हती ना समोर! सगळा वर्ग एका आडव्या फळ्यापायी मुका होऊन बसला होता. सरांना हसू आले. त्यांनी त्या दिवशी चित्रे काढायला सांगितली.

शाळा सुटली. वर्ग रिकामा झाला. सर टेबलाशी वह्या तपासत थांबले. बडबडी दप्तर मांडीवर घेऊन शेवटच्या बाकावर बसून राहिली. थोड्या वेळाने तिचे आईवडील आले. वडिलांच्या नखांत काळे ग्रीस होते आणि ते हात मागे लपवत होते. आईच्या पदराला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले होते. सर उठून उभे राहिले आणि दुपारच्या भाषेत काहीतरी म्हणाले.

"काय म्हणतायत हे?" वडिलांनी विचारले.

झाली का पंचाईत! दोन्ही भाषा येणाऱ्या मोठ्या बाईंना अचानक कचेरीतून बोलावणे आले होते आणि सकाळच्या बाई सुट्टीतच घरी गेल्या होत्या. आईवडिलांना दुपारची भाषा येत नव्हती आणि सरांना सकाळची. वर्गात दोन्हीकडचे समजणारे आम्ही दोघेच होतो, मी आणि बडबडी. मी लाकडाचा. मग सगळ्यांनी तिच्याकडे बघितले.

तिने माझ्याकडे बघितले. मग सरांना दुपारच्या भाषेत विचारले, "कुठली बाजू?"

सरांनी मान वळवून मला न्याहाळले. "आज बाजूच नाही," ते म्हणाले. "कसंही बोल. मला फक्त कळू दे."

बडबडी दप्तर ठेवून पुढे आली. "बाबा, सर म्हणतात मोठ्या बाई कचेरीत गेल्यात. उद्या या."

"उद्या कुठलं? आजच मिनतवारीने अर्धी रजा मिळालीय. सांग त्यांना, काय असेल ते आत्ताच बोला."

तिने सरांना ते सांगितले. दोन शब्द मोडके होते आणि एक तर चक्क सकाळचाच होता. सवयीने सरांचे तोंड दुरुस्त करायला उघडले. पण वडील काय म्हणाले, ते त्यांना कळायला हवे होते. त्यांनी तोंड मिटले आणि पुढे ऐकू लागले.

"आईबाबांना सांग," सर म्हणाले, "ही मुलगी दुपारी बोलत नाही. दोन वर्षं होत आली, एक शब्द नाही. हिला एकाच भाषेत शिकवलेलं बरं."

बडबडी आईकडे वळली. अगदी प्रामाणिकपणे म्हणाली, "सर म्हणतात, मी बोलत नाही. दोन वर्षं होत आली, एक शब्द नाही. मला एकाच भाषेत शिकवलेलं बरं."

आई तिच्याकडे बघतच राहिली. वडील म्हणाले, "मी तेच म्हणत होतो! दोन दगडांवर पाय ठेवला की माणूस मधेच आपटतो. एक ना धड, भाराभर चिंध्या. सांग त्यांना."

चिंध्यांना दुपारच्या भाषेत काय म्हणतात, ते तिला येत नव्हते. तिने जरा विचार केला, आपल्या फ्रॉकची कड चिमटीत धरून दाखवली आणि म्हणाली, "बाबा म्हणतात, एक पण कपडा नाही, तुकडे खूप." सरांच्या ओठांचा कोपरा हलला.

"थांबा हो जरा," आई म्हणाली. ती इतका वेळ बोललीच नव्हती. "त्यांना सांग, मला नाही काढायचं तुला इथून. का ते पण सांग. तुझ्या आजीला आपण मोठ्या दवाखान्यात नेलं होतं ना, तिथले डॉक्टर यांच्याच भाषेत बोलायचे. चांगले होते बिचारे. माझ्यासमोर बसून खूप वेळ समजावत होते. मी आपली मान हलवत राहिले. मला वाटलं, औषधाचं सांगतायत."

बडबडीने एवढे सांगितले. मान हलवण्याशी येऊन ती अडली. तो शब्द तिला कुठल्याच खिशात सापडेना. मग तिने आईसारखी मान हलवली. हो, हो, हो. सर तिच्याकडे बघत होते. त्यांना कळले होते.

"नंतर नर्सने मला खुणेने सांगितलं," आई म्हणाली. "ते म्हणत होते, हिला घरी न्या, आता थोडेच दिवस आहेत. तोवर उशीर झाला होता. आईला घरी यायचं होतं. शेवटपर्यंत म्हणत होती, मला घरी ने."

हे बडबडीला माहीत नव्हते. मित्रांनो, तिचा चेहरा मला अजून दिसतो. आजी दवाखान्यात वारली, एवढेच तिला सांगितलेले होते. तिची नजर मागच्या बाकाकडे गेली आणि मला भीती वाटली, की आता ही पुन्हा खाली बसणार. पण आई वाट बघत होती आणि सरही वाट बघत होते. तिने ते दुपारच्या भाषेत सांगितले. हळू, एकेक शब्द ठेवत. आजी. घर. घरी यायचं होतं. उशीर झाला. तिच्या आवाजात रडू होते, पण तिने एकही गोष्ट गाळली नाही.

"एवढंच म्हणणं आहे माझं," आईने डोळे पुसले. "माझ्या मुलीने कुणापुढे नुसती मान हलवू नये."

तेही तिने सांगितले. वडील खाली बघत आपल्या नखांतले ग्रीस कोरत राहिले. त्यांनी चिंध्यांचे नाव पुन्हा काढले नाही.

सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मग ते दुपारच्या भाषेत बोलू लागले. बराच वेळ बोलले. बडबडी ऐकत होती आणि तिचे कान लाल लाल होत चालले होते. ती एका पायावर उभी राहिली, मग दुसऱ्या.

"काय म्हणाले ग?" आईने विचारले.

"राहू दे म्हणाले."

"एवढं लांबलचक बोलले आणि एवढंच?"

"बाकीचं असंच आपलं काहीतरी," बडबडी म्हणाली आणि दप्तर उचलायला पळाली. वडील त्या दिवशी पहिल्यांदाच हसले.

दुसऱ्या दिवशी सुताराने माझी सळई मोकळी केली आणि मी पुन्हा फिरू लागलो. पण नियम थोडा बदलला. दुपारी बोलताना एखादा शब्द अडला, तर सकाळचा वापरायला मुभा मिळाली. मूल बोलत असताना सर हातातला खडू घट्ट धरून ठेवत. त्याचे बोलणे पुरे झाल्यावर मग हळूच बरोबर शब्द माझ्यावर लिहीत. हे त्यांना सोपे जात नव्हते. त्यांच्या बोटांच्या दाबाने मोडलेले खडू मी पाहिले आहेत.

बडबडीने पुढे बक्षिसे पटकावली, असे काही झाले नाही. दुपारच्या भाषेतली लेखी गणिते तिला शेवटपर्यंत जड गेली आणि घरी अभ्यास करताना ती कंटाळून झोपी जाई. वडील अधूनमधून "एक ना धड" म्हणतच असत. पण दुपारी तिचा हात वर जाऊ लागला. मग तो इतक्या वेळा वर जाऊ लागला, की "इतरांनाही बोलू दे" असे सरांना म्हणावे लागे.

त्यानंतर शाळेत पांढरे चकचकीत फळे आले आणि मी जिन्याखाली गेलो. जुन्या वस्तूंचे असेच होते. आता मला एकच सांगायचे उरले आहे, ते म्हणजे त्या दिवशी सर काय बोलले. बडबडीने ते आईला सांगितले नाही. आपलेच कौतुक आपल्याच तोंडाने कसे सांगणार? आईला ते कधीच कळले नाही. सर म्हणाले होते, "आईला सांग, मोठ्या बाईंशी मी बोलतो. ही कुठेही जाणार नाही. मला वाटत होतं, हिला काही येत नाही. आज हिने मला तुमच्या घरातलं सगळ्यात अवघड बोलणं समजावून सांगितलं. स्वतःला रडू येत असताना सांगितलं. त्यात चुका किती होत्या, ते माझ्या लक्षातही आलं नाही. अशी मुलगी दोन वर्षं माझ्यासमोर बसली होती आणि मी तिला खाली बसवत होतो. तिला म्हणावं, उद्यापासून तू बोल. मी ऐकेन."

मित्रांनो, माझ्या अंगावरची बाके तुम्ही काढा अथवा राहू द्या, मला त्याचे फार वाटत नाही. पण तुमच्या वर्गात कोणी गप्प बसत असेल, नवी भाषा जिभेवर घोळवत असेल, तर त्याला काही येत नाही असे समजू नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा. आणि तो अडखळत बोलू लागला, तर त्याचे वाक्य पुरे होऊ द्या.